रमचे दोन घोट आणि मायक्रोवेव्हमधला चेंडू

«हिवाळ्यात गोल्फ खेळणाऱ्यांसाठी पाच गुपिते» असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. थंडीत हवा हलकी होते म्हणून चेंडू लांब जातो. खेळण्याआधी चेंडू मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट तापवावा. घाम येत नसल्याने पाण्याची गरज नसते. हिवाळ्यात चेंडू उचलून चांगल्या गवतावर ठेवण्याची मुभा असते. आणि निघण्यापूर्वी रमचे दोन घोट घेतल्यास अंगात ऊब टिकते, अशी ती गुपिते आहेत. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या माझ्या मामांनी हा संदेश «अत्यंत उपयुक्त» असा शेरा मारून घरच्या ग्रुपवर टाकला. मामांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे हसून सोडून देणे मला जमले नाही.

सर्वांत घातक मुद्दा रमचा, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. थंडीत शरीर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि आतली उष्णता राखते. मद्य नेमके याच्या उलट करते : त्या वाहिन्या रुंदावतात, गरम रक्त त्वचेपाशी येते, कान आणि गाल ऊबदार वाटू लागतात, आणि तीच उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते. ऊब वाटते हे खरे, पण शरीर आतून थंड होत असते. शिवाय मद्यामुळे हुडहुडीही कमी होते, म्हणजे उष्णता निर्माण करण्याचा शरीराचा स्वतःचा उपायच मंदावतो. लष्करात रम मिळते, हा संदेशातला पुरावा. मिळते, मान्य, पण एखादी वस्तू शिध्यात असते म्हणून ती शरीर तापवते असे ठरत नाही. थंडीने रक्तदाब मुळातच वाढतो आणि हृदयावर ताण येतो. अशा वेळी वृद्ध माणसाला पहाटे सहा वाजता मद्य घेऊन मैदानावर पाठवणारा हा हितचिंतक, तो माणूस परतताना गाडी कोणी चालवायची, याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

हलक्या हवेचा मुद्दा शाळेतल्या भौतिकशास्त्रातच निकालात निघतो. हवेचा दाब तोच असेल तर 35 अंशांच्या तुलनेत 10 अंश तापमानाला हवा सुमारे 9 टक्के अधिक दाट असते, त्यामुळे चेंडूला होणारा विरोध वाढतो आणि फटका तोकडा पडतो. पुरावा म्हणून संदेशात गुलमर्गचे नाव दिले आहे. तिथली हवा विरळ आहे ती सुमारे 2650 मीटर उंचीमुळे, गारठ्यामुळे नव्हे. आणि ऐन हिवाळ्यात तिथले गोल्फ मैदान बर्फाखाली असते.

मायक्रोवेव्हच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करावे लागते. चेंडूच्या गाभ्यातले रबर गारठले की त्याची उसळी कमी होते. पण रबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने चेंडू गार व्हायला आणि गरम व्हायलाही वेळ लागतो. म्हणून रात्री पिशवी गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवली, तरी पुरते. मायक्रोवेव्हमध्ये चेंडू असमान तापतो आणि फुटूही शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या गोल्फ नियमावलीतला नियम 4.2 स्पष्ट सांगतो की, मुद्दाम तापवून ज्याचा गुणधर्म बदलला आहे अशा चेंडूवर फटका मारता येत नाही, आणि त्याची शिक्षा एखाद-दुसरा फटका वाढवण्याची नसून थेट बाद होण्याची आहे. हात गरम ठेवण्याची पुडी खिशात बाळगायला हरकत नाही, मात्र त्या पुडीला चेंडू लावून ठेवायचा नाही.

पाण्याबद्दल फार लिहायला नको. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी वाढते, त्यामुळे पाणी आठवणीने प्यावे लागते. त्यातून मराठवाड्याची थंडी कोरडी आणि दोन-तीन तासांची. परभणीत पहाटे कानटोपी-मफलरशिवाय बाहेर पडवत नाही आणि दुपारी त्याच अंगणात स्वेटर नकोसा होतो. अठरा होल, म्हणजे गोल्फचा पूर्ण डाव, खेळणारा माणूस शेवटच्या होलवर पोहोचेपर्यंत उन्हात घामाघूम झालेला असतो.

चेंडू उचलून ठेवण्याची मुभा ऋतू बदलला म्हणून आपोआप मिळत नाही. नियमावलीसोबतच्या आदर्श स्थानिक नियमांत, म्हणजे मैदानांनी हवे तर लागू करायच्या नमुना नियमांत, तशी तरतूद आहे, पण मैदानाच्या समितीने ती लागू केली असेल तरच, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत. समितीने काही जाहीर केले नसेल, तर चेंडू जिथे पडला तिथूनच खेळायचा. टीची जागा, म्हणजे प्रत्येक होलचा पहिला फटका जिथून मारतात ती, सोडली तर फटका सोपा व्हावा म्हणून चेंडूमागचे दव पुसण्याचीही परवानगी नाही. आपल्याकडे हिवाळ्यात खरी अडचण करते ते हेच दव, आणि पाच गुपितांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.