आसूं दी, पात्रांव!

बिल हातात आले की त्याच्या चार घड्या घालाव्यात आणि ते पिशवीच्या तळाशी, शक्यतो ओल्या कोथिंबिरीखाली, सारून द्यावे. उभ्या जागी बिल वाचणारा माणूस गोव्यात फार दिवस प्रतिष्ठित राहत नाही. चवथीच्या आदल्या दिवशी मागे अकरा गिऱ्हाइके नारळ सांभाळत ताटकळली असताना तुम्ही चष्मा शोधायला लागलात, तर लोक कंजूष म्हणणार, आणि म्हापशात म्हटलेले डिचोलीला पोचायला फोन लागत नाही. तेव्हा काउंटरवरच्या मुलीकडे पाहून हसा. काही खटकलेच तर मनातल्या मनात म्हणा, आसूं दी, पात्रांव (असू दे, मालक).

नग मोजण्याची सवय तर आजच सोडा. बिलाच्या तळाशी ‘आयटम 9, क्वांटिटी 13.75’ असे काहीतरी छापलेले असते. पहिला आकडा ओळींचा, दुसरा नगांचा. त्या दुसऱ्यात सव्वा किलो कांदे आणि अर्धा किलो तोंडलीही मिसळलेली. वजनाचा माल वजा केला की उरतात 12 नग. पिशवीत 11 निघाले, तर एखादी वस्तू बहुधा दोनदा स्कॅन झाली आहे. एवढी वजाबाकी चौथीतल्या पोरालाही जमते, म्हणूनच ती तुमच्यासारख्याने चारचौघांत करणे बरे दिसत नाही.

यंत्रावर श्रद्धा ठेवा. बारकोडमध्ये किंमत असते, असेच धरून चाला. प्रत्यक्षात कंपनीच्या बारकोडमध्ये असतो फक्त मालाचा क्रमांक. किंमत दुकानाच्या संगणकात कोणीतरी बसून भरलेली असते. छापील किंमत बदलली तरी क्रमांक बहुधा तोच राहतो. मग स्कॅन केल्यावर पडद्यावर एकाच साबणाच्या दोन किमती येतात आणि घाईत जी ओळ वर असेल तिच्यावर बोट पडते. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शांपू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा संगणकात जुनी किंमत जास्तीची आणि नवी कमीची. तुमच्या हातात नव्या किमतीची वडी आणि बिलात जुनी किंमत असेल, तर फरक कळायला वडी उलटी करून पाहावी लागते. साबण उलटासुलटा करणे अंघोळीपुरतेच ठेवा.

फळीवर ‘दोनावर एक मोफत’ लिहिले असेल तर तीन उचला आणि पुढचे विसरा. योजना काल रात्री संगणकात संपली, पण पाटी काढायचे राहून गेले, असे होते. तीन पाकिटे तीन वेगवेगळ्या वासांची असली, तर संगणक त्यांना सख्खी भावंडे मानत नाही आणि तिन्हींचे पैसे लावतो. विचारायचेच असेल तर पैसे देण्याआधी विचारावे लागते. पैसे दिल्यावर ते भांडण होते.

आता कराचे. वेष्टनावरच्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. बिलाच्या खाली सीजीएसटी, एसजीएसटीचे (जीएसटीतल्या केंद्राच्या आणि राज्याच्या वाट्याचे) छोटे कोष्टक दिसले तर ती नुसती फोड असते, ज्यादा आकारणी नव्हे. (त्यावरून दुकानदाराशी हुज्जत घालणारेही आहेत, त्यांच्यापायी खऱ्या तक्रारीची अब्रू जाते.) पण छापील किमतींची बेरीज करून त्यावर कर चढवला असेल, तर तो उघड जास्तीचा. दूध किंवा थंड पेयावर ‘फ्रिजचे’ म्हणून घेतलेले दोन रुपयेही त्याच पंगतीतले. छापील किमतीहून जास्त घेण्याची दुकानदाराला मुभा नाही. पण दोन रुपयांसाठी तोंड कोण वाईट करणार? पोदेराचा (पाववाल्याचा) पाव महागला की मात्र आठवडाभर बोलायला आपण मोकळे.

सुट्या काजूगरांच्या दुकानात तर वजनकाट्याकडे पाठ करून पाहुण्यांशी बोलत राहावे. पाहिलेत तर पंचाईत होईल. रिकामा पुठ्ठ्याचा खोका आधी काट्यावर ठेवून ‘टेअर’चे बटण दाबायचे, आकडा शून्यावर आला की मग काजू भरायचे, ही खरी रीत. बटण राहून गेले तर समजा 1,000 रुपये किलोच्या भावाने 60 ग्रॅमचा पुठ्ठा तुम्ही 60 रुपयांना विकत घेता. पुठ्ठा भाजलेला नसतो, मीठही लावलेले नसते. खोका उचलल्यावर आकडा उणे 60 दाखवत असेल तर टेअर झाले होते, शून्य दाखवत असेल तर नाही. इतकी साधी ही खूण. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजन-माप खात्याकडून दरवर्षी तपासणी होऊन शिक्का लागतो. तो शिक्का शोधायला वाकलात तर कंबर दुखेल.

हॉटेलात सभ्यपणाची खरी परीक्षा. समजा 1,200 रुपयांचे जेवण आणि 800 रुपयांची बिअर झाली. जेवणावर 5 टक्के, म्हणजे अडीच अधिक अडीच, मिळून 60 रुपये. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिचा हिशेब राज्याच्या करात होतो. बिलात 2,000 वर 5 टक्के लावून 100 आले असतील, तर बिअरनेही सुरमई खाल्ली असे समजा. शिवाय 10 टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून 200 रुपये आणि त्यावर पुन्हा कर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तेच कायम केले. पण दिल्ली लांब आहे. समोर पाहुणे बसलेत.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही वाचू नका. तो 15 अक्षरांचा असतो आणि गोव्याचा असेल तर 30 ने सुरू होतो. क्रमांकच नसताना कर लावलेला दिसला, किंवा कोपऱ्यात ‘कंपोझिशन’ (छोट्या धंद्यांची ठोक कराची योजना) लिहूनही कर वेगळा घेतलेला दिसला, तर झोप उडेल. त्या दोघांनाही गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. पाण्याच्या बाटलीवरून मात्र हॉटेलात खुशाल भांडा, कारण तिथे तुम्ही हरणार. बसून खाण्याच्या जागी बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगून ठेवले आहे.

एवढे सांगूनही कोणी तक्रारीचा विषय काढला, तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक त्याला देऊ नका. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही बोलू नका. फुकट आहे म्हटले की माणसे जागी होतात.

बिल जपून ठेवायचेच असेल तर स्कूटरच्या डिकीत ठेवा. हा कागद उष्णतेवर छापला जातो आणि उष्णतेनेच बिघडतो. फ्रिजच्या वॉरंटीचे बिल फार प्रेमाने लॅमिनेट करून आणलेत, तर ते काळेठिक्कर पडून परत येते. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवण्यासारखा किरकोळपणा करू नये. मागची बाजू कोरी असते, तिच्यावर पुढच्या आठवड्याची यादी लिहावी. एप्रिलच्या उन्हात तोवर पुढची बाजूही कोरी झालेली असते, म्हणजे यादी लांबली तरी जागा पुरते.