रोज 5 पानं रेघा गिरवा म्हणे!

गल्लीतल्या आयांच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, मूल दोन वर्षांचं झालं की रोज 5 पानं ठिपक्यांच्या रेघा गिरवून घ्या, बोटांचे स्नायू मजबूत होतात, अक्षर मोत्यासारखं होतं आणि न गिरवणारी पोरं पहिलीत मागे पडतात. मी बेळगावच्या वडगावात बालवाडी चालवते, तिसऱ्यांदा तोच मेसेज आला म्हणून लिहायलाच बसले.

आधी वयाचं बघू. दोन वर्षांचं पोर आपण काढून दाखवलेली उभी रेघ कशीबशी काढतं, गोल जमतो तिसऱ्याच्या आसपास, अधिकचं चिन्ह चौथ्याला, त्रिकोण पाचव्याला. मनगटातली 8 हाडं जन्मताना नुसती मऊ, लवचिक कूर्चा असतात, हळूहळू एकेक हाड तयार होतं. त्या हाताला 5 पानं? बँकेत चार फॉर्म भरले तर आपला हात दुखतोय की!

स्नायूंचं तर उलटंच आहे. रेघ ओढायला बोटात जोर आधी लागतो, कागदावर पेन्सिल फिरवून तो फारसा येत नाही. तो येतो कणीक मळताना, शेंगा फोडताना, ओलं फडकं पिळताना, कपड्यांना चिमटे लावताना. दिवाळीत आपल्याकडं पोरं किल्ला करतात बघा, चिखल कालवायचा, बुरूज थापायचे, चिमटीनं मोहरी पेरायची, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत सगळा हात कामाला लागतो, आणि आपण काय म्हणतो, कपडे घाण करू नको.

आता मोत्यासारखं अक्षर. पोर ठिपक्यावरून ठिपक्यावर उड्या मारत जातं, कधी खालून वर, कधी मधूनच, पान मात्र बरोबर दिसतं आणि आई खूश, पण अक्षराचं वळण काही हाताला लागत नाही. त्यात बेळगावच्या पोराला पुढं काना-शिरोरेघेचं मराठी, गोल वळणांचं कन्नड आणि इंग्रजी अशी तीन तऱ्हेची अक्षरं यायचीत, म्हणून मी आधी वाळूत बोटानं आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्ठी वळणं काढून घेते.

पहिलीचं म्हणाल तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीसाठी 6 वर्षं पूर्ण लिहिलंय, दोन वर्षांच्या पोराला अजून चार वर्षं आहेत.

गिरवणं वाईट नाही हो. पोर चार वर्षांचं झाल्यावर एखादं पान, रुंद रस्त्यासारख्या रेघेचं, तेही पोराला हवं असेल तर. आणि हातात लांब पेन्सिल नको, बोटाच्या पेराएवढा खडूचा तुकडा द्या, मुठीत धरून लिहिताच येत नाही, आपोआप चिमटीत येतो. असे तुकडे आमच्याकडं डबाभर पडलेत, लागतील त्या वहिनींनी येऊन घेऊन जावा.