विलगीकरणाचा अधिकार आहे, पण मुदत कोणती आणि दाद कुठे?

परवा कट्ट्यावर वाद पेटला तो डॉक्टरांच्या एका विधानावरून. उमेदीची सगळी वर्षे सरकारी आरोग्य केंद्रात घालवलेले आमचे डॉक्टर म्हणाले, "साथ दारात आल्यावर संशयिताला वेगळे ठेवण्यासाठी परवानग्या मागत बसलो, तर तेवढ्यात अख्खी आळी आजारी पडते."

वकीलसाहेबांनी लगेच हरकत घेतली. "परवानगी मागा असे कोण म्हणते? 1897 चा साथरोग कायदा आजही लागू आहे. घातक साथीचा धोका आहे आणि नेहमीचे कायदे अपुरे आहेत, असे राज्य सरकारला वाटले की कलम 2 प्रमाणे जाहीर सूचना देऊन तात्पुरते नियम करता येतात, आणि तपासणी अधिकाऱ्याला ज्याच्याविषयी संसर्गाचा संशय येईल त्याला रुग्णालयात किंवा तात्पुरत्या जागेत वेगळे ठेवता येते. पण किती दिवस ठेवायचे, लेखी कारण द्यायचे की नाही, दाद कोणाकडे मागायची, याबद्दल त्यात एक ओळही नाही. उलट कलम 4 सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देते."

मला वकीलसाहेबांचे म्हणणे पटते, आणि त्याचे कारण आमच्या पुण्यातच घडलेले आहे. प्लेगसाठी हा कायदा फेब्रुवारी 1897 मध्ये झाला आणि त्याच वर्षी गोऱ्या सैनिकांनी येथील घराघरांत शिरून माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेले. 22 जूनला या मोहिमेचा प्रमुख इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हे सर्वांना ठाऊक असते; पण त्या छावण्यांच्या धास्तीने लोक घरातला रोगी लपवू लागले होते, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

डॉक्टर मागे हटले नाहीत. मार्च 2020 मध्ये हातावर गृह विलगीकरणाचा शिक्का असलेले प्रवासी रेल्वेत सापडले होते, तेव्हा त्यांची अपिले ऐकत बसायचे होते काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यावर वकीलसाहेब म्हणाले, "आधी वेगळे ठेवा, पण त्याच दिवशी हातात कागद द्या. इंग्लंडच्या 1984 च्या कायद्यात असा आदेश दंडाधिकारी देतो आणि एका वेळी त्याची मुदत 28 दिवसांपलीकडे जात नाही. आपल्या विधी आयोगानेही 2024 च्या 286 व्या अहवालात आपल्या कायद्यातील उणिवा दाखवल्या आहेत."

इतका वेळ गप्प बसलेल्या अण्णांनी तेव्हा मुद्द्याचे विचारले. त्यांची चौकात वडापावची गाडी आहे. "मला चौदा दिवस आत ठेवलेत, तर गाडी कोण लावणार?" वकीलसाहेबांनी मोबाइलवर कायदा उघडून कलम 2 चे पहिले पोटकलम वाचून दाखवले. खर्च, आणि भरपाई द्यायची झाल्यास तीही, कोणी व कशी सोसायची हे सरकारला ठरवता येते, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ठरवलेच पाहिजे असे मात्र लिहिलेले नाही.

डॉक्टरांनी तो मोबाइल हातात घेऊन ते पोटकलम पुन्हा वाचले आणि म्हणाले, "बुडालेल्या मजुरीची सोय नियमांत आधीच लिहिलेली असती, तर कितीतरी माणसे आमच्या केंद्रावर आपण होऊन आली असती."