एक इंच दीड सूत

आमच्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये व्हिडिओ गेमचं मशीन उभं आहे. लहानपणी एक रुपयाचं नाणं टाकून खेळायचो ना, तसलंच, फक्त घरी बनवलेलं. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी ते नऊ दिवसांत उभं केलं. अंबडच्या भंगारवाल्याकडचं कपाट, जुना 19 इंची मॉनिटर, पत्त्यांच्या जोडाएवढा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक आणि बटणं. बटणांत एक कमी पडलं तेव्हा घरात पडलेलं दाराच्या बेलचं बटण बसवलं. काहीच कळत नव्हतं, म्हणून नऊ दिवसांत झालं.

त्यानंतर मी वाचायला लागलो.

सुधारित मशीनचा आराखडा काढायला घेतला त्याला आता चौदा महिने झालेत. आधी दोषांची यादी केली. पहिला दोष म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात मधूनच पिवळी वीज चमकते. मोबाइलच्या चार्जरवर हा ‘पाय’ चालवला की त्याला 5 व्होल्ट पुरेसे मिळत नाहीत, आणि तो असा तक्रार करतो. पहिल्यांदा वीज दिसली तेव्हा आई गच्चीवरचे कपडे काढायला धावली होती.

दुसरा दोष जॉयस्टिकचा. ती आठ दिशांची आहे. 1981 सालचा डाँकी काँग हा खेळ मात्र चारच दिशांसाठी बनलेला. शिडी चढताना दांडा जरा तिरका गेला की गडी शिडीशी घुटमळतो आणि वरून पिंप येऊन आदळतं. उपाय साधा: दांड्याखाली एक पट्टी बसवून तिरक्या दिशा बंद करायच्या. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, ती पट्टी लावलीत तर बाकीचे पण जिंकतील.” त्या तिरकेपणावर त्यानं प्रभुत्व मिळवलंय आणि कॉलनीतल्या पोरांना तो त्याच जोरावर हरवतो.

मग आला उंचीचा प्रश्न. बटणांची फळी जमिनीपासून किती उंच हवी? मी दोन दिवस भिंतीला पेन्सिलच्या खुणा केल्या. बायको म्हणाली, “ओटा करताना माझी उंची विचारली होती का कुणी?” लग्नाला अकरा वर्षं झाली, ओटा त्याहून जुना आहे. तरी उत्तर मलाच द्यायचं होतं. आराखड्यात फळी वरखाली सरकवायची सोय आली. तिच्यामागून एक खण आला (“नाहीतरी खाली जागा रिकामीच आहे”), खणात इस्त्री आली, आणि सातव्या आराखड्यात मशीन पुन्हा कपाटासारखं दिसायला लागलं.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. भला माणूस, हात सोन्यासारखा. 18 एमएमचा प्लाय म्हटल्यावर मान डोलावली. बटणांची भोकं 30 एमएमची म्हटल्यावर थांबले.

“म्हणजे किती सूत?”

मी मोबाइल काढला. इंचाला आठ सूत, सूत म्हणजे तीन एमएम आणि वर थोडंसं. “एक इंच दीड सूत,” मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सुताराला सुतात उत्तर दिल्याचा मला अभिमान वाटला.

“त्याचा बिट नाही साहेब. बिजागरीचा पस्तीसचा आहे. नाहीतर सव्वा इंची मारतो.”

“सव्वा इंचात बटण आत पडेल.”

“मग मोठं बटण आणा ना.”

ह्या बटणांना दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या चिमट्या असतात, त्या भोकाच्या काठाला धरतात. दीड-दोन एमएमचा फरक पडला की चिमटी हवेत. हे मी त्यांना कागदावर काढून समजावलं. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी करून कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोचला आणि चहा घेऊन गेले ते गेलेच.

खरी अडचण आईनं काढली. तिचा आवडता खेळ गॅलागा, तोही 1981 चाच. त्यात पडद्यावर एका वेळी आपल्या दोन गोळ्या असू शकतात. गोळीबाराला आहे ते बेलचं बटण. त्यातली पत्री इतकी थरथरते की एकदा दाबलं की ‘पाय’ ते दोनदा मोजतो. ह्याला बाउन्स म्हणतात. नव्या मशीनसाठी मी प्रोग्रॅममध्येच थांबा घातला होता: एका दाबाला एकच गोळी.

“अरे, मग दुसरी कुठे गेली?” आईनं विचारलं.

“ती चुकून सुटत होती, आई.”

“चुकून कसली? तिनंच तर कितीतरी मेले.”

चौदाव्या आराखड्यात आता सहा सुंदर बटणं आहेत, आणि उजवीकडे एक चौकोनी खाच, बेलच्या बटणासाठी. जुनं काढून बसवायची भीती वाटते, पत्री तुटली तर? म्हणून तसंच दुसरं आणायला मेनरोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदारानं डबा उघडून समोर ठेवला. मी दाबून पाहिलं. टक्. एकदाच.

“पूर्वीचं थरथरायचं,” मी म्हणालो.

“हो, लई तक्रारी यायच्या,” तो म्हणाला. “आता सुधारित येतं.”