पाटावरचा फोटो

जुन्या फोटोतल्या माणसांची नावं विचारा, कुणाला धड आठवत नाहीत. जागा विचारा, आख्खं गाव पुढे सरसावतं.

चुलत्यांच्या पंच्याहत्तरीला अल्बम करायचं ठरलं आणि फोटोंखाली ठिकाणं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे निमूट चिकटले, एक अडला. आग्फा क्लिक थ्रीवर काढलेला चौकोनी, पिवळट फोटो. कालवा, त्यावर दगडी पूल, कठड्याला टेकलेले विशीतले चुलते, अंगात रेघारेघांचा शर्ट. रोलवर जेमतेम बारा फोटो निघायचे, त्यातला एक इथे का खर्च केला, असं विचारलं तर म्हणाले, "तिथं सावली होती."

"तिथं म्हणजे कुठं?"

"पाटावर."

प्रवरा नदीच्या पट्ट्यात हे उत्तर म्हणजे मुंबईत 'रुळांजवळ' म्हणण्यासारखं आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. तिथून सुटलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या आणि उजव्या अशा दोन कालव्यांत वळतं, आणि दोन्हींवर पूल, निंब आणि सावली यांचा तुटवडा नाही.

आत्याने फोटो पाहताक्षणी सांगितलं, "हा आमच्या चारीजवळचा पूल. इथंच माझी पितळी बादली वाहून गेली." बादली फोटोत नव्हती. ती वाहून गेली असल्याने तिचं नसणं हाच पुरावा ठरला. गुरुजी त्याच पुलाखाली पोहायला शिकले होते, फक्त त्यांचा तोच पूल आत्याच्या पुलापासून दोन गावं लांब होता. शिवाय पोहायला कुणी ढकललं, इथपासून त्यांनी सुरुवात केल्यामुळे पुलाची पाळी यायला चहा दोनदा करावा लागला.

शेवटी पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकरी आबांना गाठलं. जन्म पाटाच्या भरावावर सायकल हाकण्यात गेलेला. पाटाला पाण्याचं आवर्तन कधी सुटलं आणि पाणी घेण्याची ठरलेली शेजपाळी कुणी मोडली, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेआधी आठवतं. आबांनी फोटो नाकाशी धरला. "पुलाच्या खांबामागं फेस बघ. म्हणजे पाणी आपल्यापासून लांब चाललंय. उजव्या हाताला ऊस, डाव्या हाताला माळ. कालवा चढाकडून काढतात, भिजणारं रान नदीच्या अंगाला राहतं. पाण्याच्या दिशेला तोंड केल्यावर ऊस उजवीकडं, म्हणजे हा डावा कॅनॉल."

इतकं शास्त्रशुद्ध उत्तर ऐकून मी वही उघडली. तेवढ्यात आबांनी कठड्याखालच्या एका काळ्या रेघेवर नख ठेवलं. मला ती फोटोवरची चीर वाटत होती.

"आणि हा अण्णाचा पाइप. रात्री टाकायचा, पहाटे काढायचा."

वस्तीवरचे अण्णा समोरच बसले होते. पुढचा अर्धा तास फोटोला कुणी विचारलं नाही. पाणी मागायचा सातनंबरी अर्ज कुणी भरला होता, मोरीचं दार कुणी उचललं, पंचनाम्यावर अंगठा कुणाचा, असं सगळं निघालं. एका फोटोपायी इतक्या वर्षांची पाणीचोरी माझ्या ओसरीवर सुनावणीला लागली. चुलते मात्र शांत. शर्ट कुणी शिवला होता, तेवढंच ते आठवत होते.

शर्टाचं नाव निघाल्यावर कोपऱ्यातल्या शिंपीमामांनी फोटो मागितला. ते कालव्याकडे बघेचनात.

"खिसा उजवीकडं कसा?"

"असेल फॅशन," मी म्हटलं.

"बटणंही बाईच्या अंगानं? असा शर्ट दिला असता तर ह्यानं शिलाई दिली असती का? स्टुडिओवाल्यानं काच उलटी धरून छापलाय."

काच म्हणजे निगेटिव्ह. मी फोटो आरशासमोर नेला. खिसा जागेवर आला, बटणं सरळ झाली, आणि ऊस सरकून डावीकडे गेला. डाव्या कॅनॉलवरचं सगळं प्रकरण एका झटक्यात उजव्यावर गेलं. आत्याची बादली बाद, गुरुजींचं पोहणं बाद.

अण्णा उभेच राहिले. "ऐकलंत? उजव्याला आमचं एक गुंठासुद्धा रान नाही!"

आबांनी चष्मा पुसला, आरशातली रेघ नीट पाहिली आणि म्हणाले, "तुमचं नाही. पण तिकडं सासुरवाडी कुणाची होती?"