पाच मिनिटांत मॉनिटरिंग? आधी झाकली मूठ उघडा

बॅकएंडवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही दोन-तीनदा आला असेल. त्याचा आशय असा: डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे अनेक मशीनवर पसरलेल्या, डेटाबेसच्या मॉनिटरिंगचा उगाच बाऊ केला जातो. नोड (त्यातली एकेक मशीन) सगळे सारखेच असतात, तेव्हा एका नोडवर एजंट (आकडे पुरवणारा छोटा प्रोग्रॅम) टाका, जेएमएक्सचा, म्हणजे जावा प्रोग्रॅम बाहेरून बघायच्या-हाताळायच्या सोयीचा, पोर्ट उघडा, मिळतील ती सगळी मेट्रिक्स (मोजमापाचे आकडे) घ्या, आलेख काढणाऱ्या ग्राफानाचा तयार डॅशबोर्ड आणा आणि सीपीयू, मेमरी, डिस्कला अलर्ट लावा. पाच मिनिटांत काम खल्लास. उदाहरण कॅसँड्रा हा डेटाबेस आणि त्याचे आकडे गोळा करणारा प्रोमिथियस यांचं दिलंय. हीच जोडी मी बरीच वर्षं सांभाळतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खरं आहे ते मान्य करू. एजंट बसवणं खरंच पाच मिनिटांचं काम आहे. जेएमएक्स एक्सपोर्टरची (हाच तो एजंट) जार फाइल, सेटिंग्जची एक यामल फाइल, कॅसँड्राच्या एन्व्ह फाइलीत एक ओळ आणि नोडचा रीस्टार्ट. अडचण त्यानंतर सुरू होते.

पहिला दावा, «नोड सगळे सारखेच, एकावर एजंट पुरे». कॅसँड्रात मालक-नोकर असा प्रकार नाही, सगळे नोड समान हक्काचे, यावरून हा समज झाला असावा. पण हक्क समान असले तरी प्रत्येकाला दिसतं ते वेगळं असतं. कोण जिवंत, कोण मेलेला, हे प्रत्येक नोड दर सेकंदाच्या गॉसिपवरून, म्हणजे नोडांनी एकमेकांना दिलेल्या खबरींवरून, आपलं आपण ठरवतो. नेटवर्क अर्धवट तुटलं असताना दोन नोडांवर नोडटूल स्टेटस ही कमांड चालवून बघा. पहिला म्हणतो सहावा पडलाय, ‘डीएन’ (डाऊन). सहावा स्वतः म्हणतो, सगळे ‘यूएन’ (चालू), सगळं छान. दोघंही खोटं बोलत नाहीत. मग एकाच नोडवरच्या एजंटाने कोणाची बाजू सांगायची? डाऊन एंडपॉइंट काउंट (किती नोड पडलेले दिसतात) हा आकडा प्रत्येक नोडकडून घ्यायचा आणि तो जुळत नसेल तर तीच बातमी समजायची.

दुसरा दावा, जेएमएक्सचा पोर्ट बाहेर उघडण्याचा. हा सल्ला देणाऱ्याच्या हातात प्रॉडक्शन देऊ नका. जेएमएक्स म्हणजे नुसती आकडे वाचायची खिडकी नव्हे, तो आत शिरायचा दरवाजा आहे. नोडटूल स्वतः त्याच 7199 पोर्टवरून नोडला हुकूम सोडतं. पूर्वी कॅसँड्रा हा पोर्ट पासवर्डाशिवाय सगळीकडे उघडा ठेवायचा, आणि बाहेरचा माणूस त्यातून आपला कोड चालवू शकायचा. 2015 मध्ये ही त्रुटी जाहीर झाली आणि 2.1.4 आवृत्तीपासून तो मुळातच फक्त लोकल केला गेला. तो पुन्हा उघडायची गरजच नाही. एक्सपोर्टर जावा एजंट म्हणून त्याच प्रोसेसमध्ये चालवा. तो एका साध्या एचटीटीपी पोर्टवर आकडे देतो, आणि तेवढाच पोर्ट फक्त प्रोमिथियसच्या सर्व्हरपुरता मोकळा ठेवायचा.

«सगळी मेट्रिक्स घ्या, नंतर बघू.» कॅसँड्रा प्रत्येक टेबलामागे डझनावारी मेट्रिक्स देतो. त्यातल्या प्रत्येक लेटन्सीला (उत्तराला लागणारा वेळ) पुन्हा पन्नासावं, पंच्याहत्तरावं, पंच्याण्णवावं, नव्व्याण्णवावं पर्सेंटाइल (नव्व्याण्णवावं म्हणजे शंभरातल्या 99 विनंत्या ज्याच्या आत उरकतात तो वेळ), किमान, कमाल, सरासरी अशी पिल्लं असतात. दीडशे टेबलं असली की एकदा गोळा करायलाच इतका वेळ लागतो की प्रोमिथियसची 10 सेकंदांची मूळ मर्यादा उलटते आणि हाती काहीच येत नाही. हावरेपणाने सगळं मागितलं की असं होतं. यामल फाइलीत लागणाऱ्या ऑब्जेक्टांची नावं लिहा आणि टेबलवार तपशील दोन-चार मोठ्या टेबलांपुरता ठेवा. आणखी एक. जावा एजंट डेटाबेसच्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) राहतो, त्यामुळे लांबलचक जीसी (जावाची मेमरी साफ करणं) सुरू झाली की एजंटही थिजतो आणि आलेखात भोक पडतं. ते भोक रेघ ओढून बुजवायची सोय ग्राफानात आहे. ती बंद करा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा दावा: तयार डॅशबोर्ड आणला की चित्र समोर. तयार डॅशबोर्डातली नावं तुमच्या एक्सपोर्टरच्या नावांशी जुळत नाहीत, हे किरकोळ आहे. अर्धे चौकोन ‘नो डेटा’ दाखवतात, लोक ते डिलीट करतात, आणि उरलेला डॅशबोर्ड सुंदर दिसतो. कॅसँड्रा लेटन्सी मायक्रोसेकंदांत देतो आणि चौकोनावर मिलिसेकंद छापलेले असतात, हेही एक वेळ सुधारता येतं. खरी गोम ‘सरासरी’त आहे.

आमच्या एका जुन्या कामावर सहा नोडांचं क्लस्टर होतं. प्रत्येक ओळीच्या तीन प्रती, वाचन-लेखन कोरमने, म्हणजे तिघांतल्या दोघांचं उत्तर आलं की झालं. तयार डॅशबोर्डावर वरच मोठ्या अक्षरात एक आकडा होता, क्लस्टरची नव्व्याण्णवाव्या पर्सेंटाइलची लेटन्सी: 74 मिलिसेकंद. आठवडाभर तो सत्तरच्याच घरात होता, म्हणून सगळ्यांनी तो ‘नॉर्मल’ धरला. प्रत्यक्षात पाच नोड 9 वर होते आणि एक नोड, त्याची डिस्क रडत होती म्हणून, 400 वर. सहांची सरासरी 74. त्या 74 वर एकही नोड नव्हता! पर्सेंटाइलांची सरासरी काढणं म्हणजे वर्गातल्या पहिल्या नंबरांच्या गुणांवरून शाळेचा निकाल लावणं.

मग ग्राहकांची तक्रार का येत नव्हती? कारण कॅसँड्रा बांधलाच आहे असा की एकाचं दुखणं बाकीच्यांनी झाकायचं. डायनॅमिक स्निच संथ नोडला टाळतो. को-ऑर्डिनेटरला, म्हणजे ग्राहकाची विनंती घेणाऱ्या नोडला, एका प्रतीचं उत्तर उशिरा येतंय असं वाटलं की तो दुसरीला विचारतो. कोरमला दोनच उत्तरं लागतात, तिसरा रडत बसला तरी चालतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका मंगळवारी रात्री पॅचसाठी भलताच, चांगला नोड रीस्टार्ट केला आणि मूठ उघडली. ज्या ओळींच्या तीन प्रतींतली एक रीस्टार्टमध्ये आणि एक त्या रडक्या नोडवर होती, तिथे कोरमसाठी रडक्याची वाट बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टाइमआउटचा पाऊस. फोनवर आमचा ऑपरेशनवाला कळवळून सांगतोय, “अरे, मी एकच नोड खाली घेतलाय, बाकी सगळं हिरवं आहे!” त्याचं काही चुकलं नव्हतं, डॅशबोर्ड हिरवाच होता.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. लेटन्सी प्रत्येक नोडची वेगळी रेघ म्हणून काढायची, सरासरी नाहीच. आणि दोन थर शेजारी ठेवायचे: क्लायंट रिक्वेस्टची लेटन्सी, जी को-ऑर्डिनेटरला दिसते, आणि टेबलाची स्थानिक लेटन्सी, जी त्या नोडच्या स्वतःच्या डिस्कची कहाणी सांगते. वरचा थर शांत आणि खालच्या थरात एकच रेघ वर चढलेली दिसली, तर रीस्टार्टचा बेत त्या रात्रीपुरता रद्द.

राहिला सीपीयू, मेमरी, डिस्कचा मुद्दा. मेमरीचा अलर्ट इथे जवळपास निरुपयोगी: हीप (जावासाठी राखलेली मेमरी) पहिल्यापासूनच पूर्ण घेतलेली असते आणि उरलेली मेमरी लिनक्स पेज कॅशला, म्हणजे फाइली हाताशी ठेवायला, वापरतो, त्यामुळे ‘90 टक्के भरली’ हीच निरोगी स्थिती. डिस्कचा 80 टक्क्यांचा अलर्ट एरवी शहाणपणाचा, पण साइज-टिअर्ड कॉम्पॅक्शन जुन्या फाइली नव्या फाइलीत ओतत असताना दोन्ही काही काळ डिस्कवर असतात. मोठ्या कॉम्पॅक्शनला जवळजवळ डेटाइतकीच मोकळी जागा लागू शकते, म्हणजे 80 ला वाजणारा फोन उशिराच वाजतो.

यापेक्षा ड्रॉप्ड म्युटेशन बघा: वेळेत हाताळता आली नाहीत म्हणून नोडने टाकून दिलेली लेखनं. हा आकडा प्रोसेस सुरू झाल्यापासूनचा असतो, तेव्हा नुसता आकडा नको, वाढीचा वेग घ्या. पेंडिंग कॉम्पॅक्शन बघा. आणि नोड किती वेळ पडलाय याला अलर्ट लावा, कारण पडलेल्या नोडसाठी बाकीचे नोड हिंट (त्याच्याकडे पोचायच्या राहिलेल्या लेखनांच्या नोंदी) जपून ठेवतात त्या मुळात 3 तासांपुरत्याच. त्यापुढे प्रती पुन्हा जुळवणारा रिपेअर चालवावा लागतो. टूम्बस्टोनची, म्हणजे डिलीटच्या खुणेची, 10 दिवसांची मूळ मुदत उलटेपर्यंत तोही झाला नाही, तर डिलीट केलेला डेटा पुन्हा उठून बसतो. तेव्हा सीपीयू 12 टक्के असतो.

शेवटचा दावा मेसेजात शब्दांत नाही, पण गृहीत आहे: अलर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक. हे तपासायला दिवसाढवळ्या, चहा पिऊन झाल्यावर, एका नोडपर्यंतची प्रोमिथियसची वाट फायरवॉलवर अडवा आणि फोन वाजतो का बघा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा वाजला नाही. ‘अप’ (नोडकडून आकडे मिळाले की 1, नाहीतर 0) शून्य झाला की वाजावा असा नियम व्यवस्थित लिहिलेला होता. पण आम्ही निवडलेला नोड नंतर जोडलेला होता आणि प्रोमिथियसच्या टार्गेटांच्या यादीत त्याचं नावच कोणी घातलं नव्हतं. त्याचा ‘अप’ शून्य नव्हता, तो मुळात नव्हताच. एजंट मात्र त्या नोडवर तीन महिने इमानेइतबारे चालू होता.