सरकार १७७६ ला झालं की १७८९ ला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिडलायत तुम्ही, आणि एका मुद्द्यावर चिडणं रास्तही आहे, त्याकडे शेवटी येतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेचं सरकार ४ जुलै १७७६ लाच झालं, मी लेखात उगाच ते १७८९ पर्यंत ताणलं, इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्याचं फ्रेंचांना नको तेवढं श्रेय दिलं आणि गुलामांचा विषय एका ओळीत उरकला.

फ्रेंचांचं आधी संपवू. यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस अडकला कारण फ्रेंच आरमाराने चेसापीकची खाडी अडवून धरली होती, नाहीतर इंग्रज गलबतांत बसून निघून गेले असते. शरणागतीच्या दिवशी हा गडी आजारी आहे म्हणून आलाच नाही, त्याच्या वतीने त्याचा दुय्यम ओ'हारा आला तो तडक फ्रेंच सेनापती रोशांबोकडेच निघाला, रोशांबोने अमेरिकनांचा सेनापती वॉशिंग्टन दाखवला आणि वॉशिंग्टनने त्याला आपल्या हाताखालच्या लिंकनकडे धाडलं (अब्राहम लिंकन नव्हे). शत्रूच पहिला मान फ्रेंचांना द्यायला निघाला तर मी काय करू! आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांची फौज त्याच्याच बाजूने उभी होती. असो.

आता मुख्य भांडण. १७७६ ला झाला तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सरकार म्हणावं असा तेरा राज्यांमधला पहिला करारनामा, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, सगळ्यांच्या सह्या होऊन लागू झाला १ मार्च १७८१ ला, म्हणजे जाहीरनाम्यानंतर जवळपास पाच वर्षं युद्ध त्याच्याशिवायच चाललं. आणि करार कसा, तर आमच्या सोसायटीसारखा. तेरा राज्यं म्हणजे तेरा फ्लॅट, प्रत्येकी एक मत, कमिटीने मेंटेनन्स फक्त मागायचा, वसूल करायचा अधिकार नाही, आणि नियम बदलायचा तर तेराच्या तेरा तयार हवेत. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू म्हटलं तर एकट्या रोड आयलंडने नाही म्हणून सांगितलं आणि विषय संपला.

याचा परिणाम बघा. जून १७८३, युद्ध जिंकलेलं, आणि थकलेल्या पगारासाठी शेकडो सैनिक फिलाडेल्फियात त्याच इमारतीला वेढा घालून उभे राहिले जिथे जाहीरनामा मंजूर झाला होता. आजूबाजूच्या गुत्त्यांतली दारू पोटात आणि बंदुका खिडक्यांकडे रोखलेल्या. काँग्रेसने, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, पेनसिल्व्हेनिया राज्याकडे शिबंदी मागितली, ते म्हणाले नाही बोलावत, मग काँग्रेसने गाशा गुंडाळून प्रिन्स्टन गाठलं. स्वतःच्याच शिपायांपुढून पळ काढावा लागतो त्याला तुम्ही सरकार म्हणा, माझी जीभ रेटत नाही.

पुढे १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर आणि कर्जाला वैतागून उठले, डॅनियल शेज त्यांच्यातला एक म्होरक्या, तेव्हा कुठे मोठ्या लोकांची झोप उडाली आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारं-खिडक्या बंद करून नवी घटना लिहिली. ५५ जण आले, सह्या केल्या ३९ जणांनी. रोड आयलंडने माणूसच पाठवला नाही, ते नव्या घटनेत आले थेट मे १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी, म्हणजे १७८९ ला नव्या घटनेखाली वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर.

गुलामांबद्दल मात्र तुम्ही बरोबर, मी चुकलो. त्या बंद खोलीत ठरलं की प्रतिनिधी मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, मत शून्य आणि वजन मालकाच्या राज्याला. शिवाय बाहेरून गुलाम आणण्यावर काँग्रेसला १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, आणि एवढं सगळं लिहूनही गुलाम हा शब्द अख्ख्या घटनेत कुठे येऊ दिला नाही. हे एका ओळीत मावणारं नव्हतंच. लेखात तो भाग आज रात्री बसून वाढवतो, १७८९ मात्र तसंच राहणार.